कुंडमच्या भूरीचे बाळंतपण

जबलपूरच्या स्थानकावर मला घ्यायला आलेल्या प्रभाकरकाकांचा पहिला प्रश्न तयारच होता. "काहून आली तू इतक्या लांब डुकरं पाहायला? पुण्यात नाहीत का?"

काका माझ्या वडिलांचे मित्र. संरक्षण कारखान्यातून निवृत्त झालेले आणि निष्ठावंत शाकाहारी. मी पशुवैद्यक आहे, एका डुक्करपालकाची चांगली पद्धत दुसऱ्याच्या बाड्यापर्यंत (डुकरांच्या आवारापर्यंत) पोहोचवणे हे माझे काम, असे मी सविस्तर समजावले.

"अच्छा, म्हणजे डुकरांची पोस्टमन. चलो, आधी जलेबी खाऊ."

खव्याची ती काळपट, जाडजूड जलेबी खाल्ल्यावर या पदनामाला हरकत घेण्याची इच्छा उरली नाही.

दुसऱ्या दिवशी शहपुऱ्याला रामदीनभैयांचा बाडा पाहिला. मादी भिंतीला टेकून बसताना तिच्या अंगाखाली पिल्ले चेंगरतात, म्हणून त्यांनी भिंतीलगत आडवा बांबू बसवला होता. "बित्ताभर ऊपर, बित्ताभर दूर," ते म्हणाले. (जमिनीपासून वीतभर वर, भिंतीपासून वीतभर लांब.) त्या फटीतून पिल्लू निसटते. मी मोजपट्टी लावली. पुस्तकातले माप आणि त्यांची वीत यांत बोटभराचाही फरक नव्हता. माझ्या तपासणीच्या तक्त्यात पाणी, सावली, स्वच्छता असे रकाने होते. स्वच्छतेला मी दहापैकी दहा गुण दिले, ते त्यांनी दोनदा वाचून घेतले आणि लगेच कुंडमच्या ओळखीच्या फूलवतीदीदींना फोन करून बांबूची कृतीही सांगितली. पद्धत माझ्याही आधी निघाली, याचा मला फार आनंद झाला.

माझा पुढचा मुक्काम कुंडमलाच होता. तिथली बस सालवृक्षांच्या जंगलातून जाते. वाटेत ती पंक्चर झाली, त्यामुळे मी दोन तास उशिरा पोहोचले. फूलवतीदीदी कुंपणापाशी उभ्या होत्या. त्यांच्या भूरी नावाच्या मादीची मागच्या दोन्ही खेपांना निम्म्याहून अधिक पिल्ले चेंगरून गेली होती आणि आता ती पुन्हा विणार होती. दीदींचे पती सुमेर यांनी मला पाणी देता देताच निकाल सांगितला.

"इस बार भी दबे, तो भूरी जाएगी. व्यापारी से बात हो गई है."

"दो साल से पाली है मैंने," दीदी म्हणाल्या. "बात तुम्हारी हुई है, मेरी नहीं."

बांबू चोख बसवलेला होता. भूरी मात्र अस्वस्थ होती. बसे, उठे, फिरे. नाकाने फरशी घासे, पुन्हा बसे. फरशी ओली, चकचकीत आणि पूर्ण मोकळी होती.

"पुआल (भाताचा पेंढा) कहाँ है, दीदी?"

"सुबह सब निकाल दिया. रामदीन बोला, मैडम सफाई के नंबर देती है."

"मेरी बारात निकली थी, तब भी इतना नहीं धुला था," सुमेर म्हणाले.

विण्यापूर्वी डुकरीण पेंढा गोळा करून घरटे रचते. ते रचता आले नाही, तर ती स्थिर बसत नाही. आणि जी स्थिर बसत नाही, तिच्याखाली पिल्ले सापडतात. हे मी परीक्षेत लिहिले होते, इतरांना शिकवलेही होते. माझ्या तक्त्यात मात्र पेंढ्याचा रकाना नव्हता. मी दीदींना तसे सांगितले: चूक तुमची नाही, माझ्या कागदाची आहे.

दीदींनी पदर खोचला. "तो अब बोलो मत मैडम, पुआल उठाओ."

आम्ही गोणपाटाने फरशी कोरडी केली, पेंढा आत टाकला आणि लांब महुआच्या (मोहाच्या) झाडाखाली जाऊन बसलो. भूरी तोंडात पेंढा धरून कोपऱ्यात नेऊ लागली. दीदींनी मला कोदोचा भात (एका बारीक भरडधान्याचा) आणि टोमॅटोची चटणी वाढली. मी जेवता जेवता सारखी मान वळवत होते, ते त्यांना आवडले नाही. "खाना देखो," त्या म्हणाल्या.

दुपारी भूरी व्याली. अकरा पिल्ले, त्यांतले एक मृत. पहिले तीन दिवस धोक्याचे असतात, म्हणून मी तिथेच राहिले. संध्याकाळी पाणी पिऊन ती पुन्हा बांबूला टेकून बसली, तेव्हा खालून एक बारीक किंकाळी आली. दीदींनी माझे मनगट घट्ट धरले. थोड्या वेळाने पिल्लू फटीतून बाहेर आले आणि वळसा घालून पुन्हा आचळाशी गेले.

"निकल गया," कुंपणापाशी सायकल दुरुस्त करण्याचे निमित्त करून बसलेले सुमेर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी एक अशक्त पिल्लू गेले, नऊ राहिली. तिसऱ्या सकाळी सुमेर फोनवर बोलताना ऐकू आले. "नहीं भैया, वो वाली नहीं देनी. दूध पिला रही है." दीदी चुलीपाशी होत्या. त्यांनी वळून पाहिले नाही, पण चहात साखर दोनदा घातली.

निघताना मी नेहमीचा प्रश्न विचारला: तुमची कोणती पद्धत मी पुढच्या बाड्यात सांगू?

"लिखो," त्या म्हणाल्या. "जचकी (बाळंतपण) के टेम मेहमान मत बुलाओ."

पुण्याला परतून मी नवा तक्ता तयार केला. त्यात पेंढ्याला रकाना आहे, पण पहिली ओळ फूलवतीदीदींच्या नावाने त्यांचीच आहे. चांगल्या पद्धती वाटत फिरणाऱ्या माणसाचे ओझेही कुणाला तरी वाहावे लागते, हे मला त्या चकचकीत फरशीने शिकवले. आता कोणत्याही बाड्यात पाऊल टाकण्याआधी मी विचारते, इथे कुणी विणार आहे का. असेल, तर कुंपणावरूनच नमस्कार करून परत फिरते.