कुसुम सिस्टरची चार महिन्यांची खोली

घरमालकाने विचारलेला प्रश्न कुसुम सिस्टर जसाच्या तसा त्याला परत करायच्या. "एकट्याच राहणार का?" असं कुणी म्हटलं की, "हो. तुमच्या घरात किती जण? त्यात पिणारं कोण?" "नॉनव्हेज करता का?" "करते. तुमच्याकडे काय शिजतं?" आमचा एजंट कपाळाला हात लावायचा. "सिस्टर, अशाने रूम भेटेल का?" त्या म्हणायच्या, "नाही भेटली तर नाही. पण तपासणी दोन्ही बाजूंनी होऊ दे."

उल्हासनगरच्या आमच्या इमारतीत त्या दुसऱ्या मजल्यावर, मी आणि माझे वडील, अण्णा, तिसऱ्यावर. सिस्टरांचा सारा जन्म सरकारी इस्पितळातल्या वॉर्डांत गेलेला, लग्न केलेलं नाही. अण्णांना अर्धांगवायू झाल्यापासून रोज संध्याकाळी वर येऊन त्यांचे हातपाय हलवून घ्यायच्या. "अण्णा, बोट उचला. आज रजा नाही." वाचा गेलेले अण्णा त्यांना पाहून तेवढे हसायचे.

एका दुपारी चौथ्या मजल्याचा स्लॅब आमच्या शेजारच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात कोसळला. त्या घरी कुणी नव्हतं म्हणून कुणी दगावलं नाही. संध्याकाळपर्यंत इमारत रिकामी करा, अशी नोटीस आली. दुरुस्तीला चार महिने लागतील असं सांगितलं, आणि चार महिने राहायचं कुठे हे सांगायला कुणीच बांधील नव्हतं. अण्णांना मावसभावाच्या हॉलमध्ये सतरंजीवर टाकलं आणि आम्ही दोघी खोली शोधायला निघालो.

विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंत आम्ही दारं ठोठावली. चार महिने म्हटलं की लोकांचे चेहरे आखडायचे. अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट करा, मधेच सोडलं तर डिपॉझिट विसरा. एकटी बाई नको. आजारी माणूस नको. बदलापुरात तर टॉवरच्या टॉवर अंधारात उभे, बाल्कन्यांत कबुतरांनी संसार मांडलेले. कबुतरांना तिथे कुणी अॅग्रीमेंट मागितलं नव्हतं. मला आजही तिथून जाताना दात आवळावे लागतात.

तिथेच एका टॉवरमध्ये एकाच मजल्यावर दोन फ्लॅट मिळत होते. मालक सभ्य, चहा पाजणारा. "दोघींना देऊन टाकतो," म्हणाला. मग त्याने आधारकार्डं पाहिली. सिस्टरांच्या कार्डावरचं कांबळे हे आडनाव वाचलं आणि कार्ड टेबलावर पालथं ठेवलं.

"मॅडम, तुमचं ठीक आहे," तो मला म्हणाला. "वडील आहेत सोबत, म्हणजे फॅमिली झाली. यांचं जरा... सोसायटीत प्रॉब्लेम होतो."

"कसला प्रॉब्लेम?" सिस्टरांनी विचारलं.

"तुम्ही समजून घ्या ना."

"मी नाही समजून घेणार. तुम्ही बोला."

तो बोलला नाही. मीही बोलले नाही. माझ्या डोळ्यांसमोर सतरंजीवरचे अण्णा होते, आणि टेबलावर किल्ली होती. त्या माणसावर मी चिडले होते हे खरं, पण त्याहून जास्त स्वतःवर. तो राग अजून उतरलेला नाही.

खाली आल्यावर सिस्टर म्हणाल्या, "मनीषा, किल्ली घे. अण्णांच्या पाठीला जखमा होतील. पण त्या माणसाला चांगला म्हणू नकोस, निदान माझ्यासमोर." मग रिक्षा बघता बघता, माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "इंजेक्शन टोचून घेताना एकानेही मला आडनाव विचारलं नव्हतं गं."

त्यांना खोली मिळाली ती कुळगावात, एका आगरी म्हातारीच्या घरामागे. पूर्वी तिथे भाताची पोती ठेवायचे. वर पत्रा, खिडकी एकच. सिस्टरांनी सवयीने आधीच सांगून टाकलं, एकटी आहे, कांबळे आहे, चारच महिने राहणार. म्हातारी म्हणाली, "ऱ्हा गो बाय. मानूसच हाय ना तू?" अख्ख्या महिन्यात हा एकच प्रश्न सिस्टरांनी परत केला नाही.

तिथून एक दिवसाआड त्या अण्णांसाठी आमच्या टॉवरवर यायच्या. वॉचमन दर वेळी वहीत नाव लिहायला लावायचा. त्या दोन ओळी भरतील एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहायच्या, कुसुम तुकाराम कांबळे. "वाचू दे सगळ्यांना. पेन त्यांचंच आहे."

चार महिन्यांचं दीड वर्ष झालं. कंत्राटदार काम टाकून गेला, दुसरा येईना, आमचे कमिटीवाले नुसत्या तारखा सांगत राहिले. दुसऱ्या उन्हाळ्यात एका सकाळी म्हातारीने चहासाठी हाक मारली, तर आतून ओ आली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी म्हणते, पत्रा. म्हातारी माझा दंड धरून ओरडली, "आपल्या घराची वाट बघून मेली गो ती!"

पुढच्या वर्षी आम्ही घरी परतलो. अण्णा तीनच महिने त्या घरात राहिले आणि गेले. सिस्टरांचा फ्लॅट त्यांच्या भाचीकडे आला. नर्सिंगच्या ट्रेनिंगसाठी आलेली एक मुलगी त्यात पाच महिने राहणार होती. लगेच पार्किंगमध्ये मीटिंग भरली. सेक्रेटरींनी ठराव वाचला: एकट्या व्यक्तीस व अकरा महिन्यांपेक्षा कमी मुदतीने घर भाड्याने देऊ नये.

मी उभी राहिले. "सेक्रेटरीसाहेब, तुम्ही पाच माणसं अंबरनाथला गोडाऊनच्या मागे राहिलात. तुमच्या सुनेला अंघोळीला शेजारी जावं लागायचं. देशमुखकाका, तुम्हाला एका वर्षात तीनदा सामान उचलायला लावलं. कुसुम सिस्टर तर परत आल्याच नाहीत. कुणाला दाराबाहेर ठेवताय तुम्ही? लाज नाही वाटत?"

"मनीषाताई, भावनेच्या भरात बोलू नका," सेक्रेटरी म्हणाले. "इमारतीची शिस्त म्हणून काही असतं की नाही?"

"शिस्त असती तर स्लॅब पडला नसता," मी म्हटलं.

देशमुखकाकांनी मान खाली घातली, आणि मान तशीच ठेवून हात वर केला. ठराव मंजूर झाला. मी सही केली नाही.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीची बॅग मीच तिसऱ्या मजल्यावर चढवली. अण्णांची खोली तिला दिली. सेक्रेटरी जिन्यात आडवे आले. "ही कोण?"

"पाहुणी," मी म्हटलं. "पाच महिने आहे. बाजूला व्हा."

ते झाले.