एकशेपासष्ट, ऐंशी, चौदा

मैत्रेयीचा फोन आला तेव्हा मी लांज्याच्या स्टँडवर रत्नागिरीच्या एसटीची वाट बघत उभा होतो. "बाबा, आत्या गेली," ती म्हणाली. माझी मुलगी नर्स आहे. शेवटचे पंधरा दिवस आत्याचं सगळं तिनेच केलं. एसटी आली, मी चढलो, आणि हातखंबा येईपर्यंत एकच गोष्ट मनात फिरत राहिली. ताई माझ्या गाडीत पुन्हा बसली नाही. बसली ती एकदाच... तिला जाऊन आज सहा आठवडे होताहेत, आणि तिचं ते एकदाच बसणं सांगितल्याशिवाय मला तिच्याविषयी काही लिहिता येणार नाही.

सुजाताताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या वर्गात तिने नाव घातलं तेव्हा तिथे दुसरी मुलगी नव्हती. पुढे त्याच विषयाची ती शिक्षिका झाली आणि निवृत्तीपर्यंत शिकवत राहिली. भावजी लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. रत्नागिरीलगत नाचणे गावात दोन खोल्यांचं घर होतं, तिथे ती एकटी राहायची. आमचे बाबा शाळामास्तर. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून त्यांनी घरातून देव्हारा, नजर, अपशकुन सगळं काढून टाकलं होतं. कोणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, स्वतः तपासून बघायचं, हे त्यांचं सांगणं. मी ते नुसतं ऐकलं. ताईने ते हातात घेतलं... मोजपट्टी घ्यावी तसं.

मुंबईच्या बँकेतली नोकरी संपवून मी रत्नागिरीला परतलो आणि एका बंगल्याच्या शेडमध्ये कित्येक वर्षं पडून राहिलेली गाडी घरी आणली. साठच्या दशकातली, विलायती, उघड्या टपाची, दोनच माणसांची. तारांची चाकं, लांब नाक. बायकोने कपाळाला हात लावला. ताई मात्र दुसऱ्याच दिवशी जुना गाऊन घालून गाडीखाली शिरली. दीड वर्ष आम्ही दोघं माझ्या अंगणात राबलो. तिने इंजिन उभं केलं, ब्रेक नवे केले. मी हत्यारं देत होतो. इतके दिवस आम्ही लहानपणीही एकत्र घालवले नव्हते. आमचं बिनसलं ते चाकांवरून.

मूळच्या टायरचा आकार होता एकशेपासष्ट, ऐंशी, चौदा. म्हणजे रुंदी एकशेपासष्ट मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या ऐंशी टक्के, आणि चाक चौदा इंची. मला ते टायर गाडीला किडकिडे वाटत. मैत्रेयीचं लग्न ठरलं होतं, नवरीला याच गाडीतून हॉलवर न्यायचं मी मनात धरलं होतं, आणि मला रुंद, रस्त्याला बिलगून बसणारी चाकं हवी होती. पंधरा इंची अलॉय, दोनशेपाच रुंदीचे टायर. ताई वाद घालत बसली नाही. तिने माझ्या बायकोकडून घट्ट कणीक मळून घेतली, मडगार्डच्या आत आणि ब्रेकच्या रबरी नळीपाशी तिचे गोळे चिकटवले, दोन्ही सीटवर माणसांच्या वजनाचे चिरे ठेवले, आणि मला स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवत गाडी एका फळीवरून न्यायला लावली. मग दबलेले गोळे काढून एकेकाची जाडी मोजली. मागे बाहेरच्या बाजूला बारा मिलिमीटर जागा उरत होती, पुढे नळीपाशी त्याहून कमी. रुंद टायर प्रत्येक बाजूला वीस मिलिमीटर जास्त जागा खाणार होता.

"नाय बसत, मिलिंद," ती म्हणाली. "पूर्ण वळवलंस की पुढचं चाक नळीला घासणार. आणि या जुन्या गाडीला ब्रेकची एकच लाइन आहे. एक नळी गेली की चारही ब्रेक गेले."

मी मान हलवली, आणि पुढच्याच आठवड्यात कोल्हापूरला जाऊन ती चाकं घेऊन आलो. बसवणाऱ्याने हाताने फिरवून बघितली आणि ठीक आहे म्हणाला. मला तेवढंच ऐकायचं होतं. ताई आली, चाकांकडे बघत उभी राहिली. ओरडेल असं वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, मुलीला यातूनच नेणार ना? मी हो म्हटलं. "मग आधी मला बसव," असं म्हणून ती दार उघडून डावीकडे बसली.

सकाळचे दहा वाजले असतील. आम्ही आरे-वारेच्या रस्त्याला लागलो. चढ गाडी सहज चढली, आणि मी मनात म्हटलं, बघ. उतार सुरू झाला. डाव्या हाताला खाली समुद्र, उजवीकडे जांभ्याची उभी दरड. पहिल्याच वळणावर मागून घर्र असा आवाज आला. ताई माझ्याकडे बघत नव्हती. मान वाकवून ऐकत होती. दुसऱ्या वळणाला रबर जळल्याचा वास आला. तिने थांब म्हटलं. थांबलो तर हरलो, असं वाटून मी तिसऱ्या वळणात शिरलो. ते वळण अंगावर येणारं होतं, स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवावं लागलं, आणि गाडी सरळ करून मी ब्रेक दाबला तर पाय खालपर्यंत गेला. पुन्हा दाबला. काहीच नाही... पायाखाली नुसती हवा.

"गेला," मी म्हटलं.

"दुसरा गिअर टाक. क्लच सोड. हँडब्रेक मी घेते." ती वर्गात सांगायची तशी सांगत होती. गिअर कडकडला, पडला, गाडी हिसका देऊन जराशी मंदावली. ताईने दोन सीटमधला दांडा दोन्ही हातांनी धरला. बटण दाबून ठेवून थोडा ओढी, सोडी, पुन्हा ओढी. एकदम ओढला असता तर मागची चाकं अडकून आम्ही समुद्राकडे फिरलो असतो. समोरून एक टेम्पो वर येत होता. तो जाईपर्यंत उजवीकडे वळता येईना, आणि पुढचं वळण जवळ येत होतं. त्याचा बुटका कठडा मला दिसत होता, त्यापलीकडे काहीच दिसत नव्हतं. टेम्पो गेला. "आता दरडीला लाव," ती म्हणाली. मी गाडी पलीकडच्या गटारात घातली. उजवी बाजू जांभ्याला खरवडत गेली, आणि आम्ही थांबलो.

मी खाली उतरलो. तिचं डावं मनगट डॅशबोर्डवर आपटून सुजायला लागलं होतं. ते मला दिसलं होतं, तरीही मी बोललो. "तूच नजर लावलीस. पहिल्या दिवसापासून लागेल, घासेल, हेच तुझ्या तोंडात."

बाबांच्या घरातला मी, सुजाताताईला नजर लावलीस म्हणालो. तिने ओढणी मनगटाला गुंडाळली आणि चढ चढून मागे चालत गेली. वर तिला रिक्षा मिळाली, हे मला नंतर कळलं.

पाच महिने आम्ही बोललो नाही. लग्नाला ती आली, वंदनेला पुढे बसली, नवरीला जवळ घेतलं, जेवून गेली. नवरी साध्या भाड्याच्या गाडीतून आली होती. मंडप उतरल्यावर एक दिवस मी गाडी जॅकवर घेतली. नळी जिथे कापली गेली होती, तिथेच तिने कणकेचा गोळा चिकटवला होता. सुकलेलं पीठ अजून कडेला होतं. मी तसाच उठून नाचण्याला गेलो. चुकलं, एवढंच म्हणालो. ती दारात उभी राहून माझ्या हातांकडे बघत होती.

"जुनं चाक आणलंस काय?"

आणलं नव्हतं. परत जाऊन चारही घेऊन आलो. तिने एकेक तार पान्याने वाजवून ऐकली. तीन तारा बद्द बोलल्या, त्या बदलल्या. बाजारात त्या मापाच्या जवळचे टायर मिळत होते, पण ते मालवाहू टेम्पोचे. ओझ्यासाठी केलेला कडक टायर हलक्या गाडीला घालायचा नाही, म्हणून तिने मला तीन महिने थांबवलं. हवे ते टायर आले, तिच्या देखत बसले. पण चल म्हटलं की ती नंतर म्हणायची. मनगट दुखतंय, ऊन आहे, मग पोटाचं दुखणं निघालं... मला वाटायचं, तिने मला माफ केलेलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

गेल्या रविवारी मैत्रेयी आणि मी तिच्या खोल्या आवरायला गेलो. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने सगळ्यांच्या गाड्यांची मापं लिहिलेली होती, मैत्रेयीची स्कूटर, शेजाऱ्यांची रिक्षा. सगळ्यात खाली माझी गाडी. एकशेपासष्ट, ऐंशी, चौदा. पुढे हवा किती, मागे किती. त्याखाली तिच्याच अक्षरात, चालवणारा मिलिंद, एकाहत्तर किलो. शेजारी मी, चोपन्न. चोपन्न खोडून एकोणपन्नास केले होते, ते खोडून शेवटी त्रेचाळीस, आणि दर वेळी समोरचा हवेचा आकडा थोडा बदलला होता. मैत्रेयी वाचता वाचता खाली बसली.

डावी सीट रिकामी असते. चाकांत हवा मात्र मी त्या शेवटच्या आकड्याप्रमाणे भरतो.