वळणावरचे एकोणीस दिवस

बाजारानं मला एकच विद्या शिकवली. आपला भाव सांगायचा, उठायचं आणि चालायला लागायचं. मागं वळून बघायचं नाही. दहा-बारा पावलांत हाक येतेच. खानापूरकडून रामनगरला आलो तेव्हा अंगावरच्या कपड्यांखेरीज माझ्याकडे काही नव्हतं. पुढं गावापासून लांब, गणेशगुडीच्या रस्त्याला घर बांधलं, मुलाला शिकवलं, ते सगळं या विद्येवर.

चौदा वर्षं मी गणेशगुडीजवळच्या एका लॉजची खरेदी सांभाळली. भाजी, मासळी, कोंबड्या, तांदूळ, सगळं माझ्या हातून यायचं. मग मालक बदलले. नव्या मालकांचा माल हुबळीहून फोनवर मागवला जाऊ लागला आणि मला एक मेसेज आला की उद्यापासून येऊ नका. समोर येऊन सांगायची कुणाची छाती झाली नाही. तो मेसेज मी अजून पुसलेला नाही. मधूनमधून काढून वाचतो आणि दर वेळी तितकाच भडकतो.

बायको तेव्हा मडगावला मुलाकडे गेली होती, नातवाला सांभाळायला. मुलाच्या दोन खोल्या. "बाबा, तुम्हीपण या, आता बसून खावा," असं तो म्हणायचा. मनानं चांगला आहे पोरगा. पण बसून खाणं मला जमणारं नाही. मी बायकोला सांगून टाकलं, नोकरी मिळाली की तू परत यायचंस. नाहीच मिळाली तर घराला कुलूप लावून मी तिकडं येईन.

आषाढात एका नव्या लॉजवर मुलाखतीला बोलावलं. पावसाळा संपल्यावर ते सुरू व्हायचं होतं, भिंतींना अजून ओल्या सिमेंटचा वास होता. हुबळीच्या एक मॅडम होत्या, माणसं नेमायचं काम त्यांच्याकडं. शेजारी लॅपटॉप घेऊन बसलेला एक जण. कामाचं सगळं त्यांना पटलं. पगार त्यांनी सांगितला. मी पाच हजार वाढवून माझा सांगितला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ती नजर मी हजार वेळा पाहिलेली. सौदा होणार, फक्त थोडं ताणायचं.

"पटलं तर फोन करा," म्हणालो आणि उठलो.

गेट लांब होतं. मी सावकाश चाललो. पाऊस थांबला होता तरी मध्येच उभा राहून छत्री उघडली. हाक आली नाही. शिकलेली माणसं, ओरडणार नाहीत, फोनच करतील, असं मनाशी म्हटलं.

माझ्या घरात रेंज येत नाही. रस्त्याच्या वळणावर, उंचवट्यावर येते. दुसऱ्या दिवसापासून मी इस्त्रीचा शर्ट घालून तिथं उभा राहू लागलो. सकाळी दहा ते एक, दुपारी तीन ते पाच. कचेरीच्या वेळा. शर्ट का, ते विचारू नका. फोनवर दिसत नाही हे मलाही कळतं.

म्हशी घेऊन जाणारी एक म्हातारी रोज भेटायची. तिसऱ्या दिवशी थांबली. "काय रं भाऊ, बघाय येनार हायत काय तुला?"

"फोनची वाट बघतोय, आजी."

"मग तूच लाव की. तुज्या फोनाला उलटं जाता येत न्हाई व्हय?"

मी तिच्यावर खेकसलो. ती हसत म्हशींमागं गेली. त्यानंतर ती नुसती मान हलवून पुढं जायची, आणि दिवसभरात माझ्याशी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

बायकोचा फोन संध्याकाळी यायचा. "आला व्हय फोन?" मी म्हणायचो, "रेंज जातीया. लावत असतील." पहिले आठ दिवस हे मला खरंच वाटत होतं. नंतर ते फक्त तिला सांगायला उरलं. रात्री एकट्यापुरता भात लावायचो, तरी पातेल्यात उरायचाच.

एकोणिसाव्या दिवशी मीच नंबर लावला. मॅडमनी ओळखलं. बोलणं कन्नडमध्ये झालं, पण प्रत्येक वाक्य अजून कानात आहे.

"ती जागा भरली, सर."

"मला कळवलं का नाही?"

"तुम्ही उठून गेलात. तुमच्यासाठी चहा सांगितला होता आम्ही. तरी आठ दिवस थांबलो, वाटलं तुम्ही फोन कराल. ज्यांना घेतलं ते दोन-दोन दिवसांनी विचारत होते."

चहा सांगितला होता! मी पेटलो. मला व्यवहार शिकवू नका, म्हणालो. चौदा वर्षांत माझ्यासारखी खरेदी या पट्ट्यात कुणी केली नाही, म्हणालो. मेसेज पाठवणाऱ्या त्या मालकांचा सगळा राग मी तिच्यावर ओतला, आणि तिचा तर त्यांच्याशी काही संबंधही नव्हता. तिनं ऐकून घेतलं, "बरं, सर," म्हणाली आणि फोन ठेवला.

मी तिथंच उभा राहिलो. एक बस गेली, चिखल शर्टावर उडाला. साऱ्या नोकरदार दुनियेत मला नावानं ओळखणारं एकच माणूस होतं, आणि त्यालाही मी तोडून बसलो होतो. पुन्हा नंबर लावायला अर्धा तास गेला.

"बोला, सर."

"मघाशी जास्त बोललो. चुकलं."

ती म्हणाली, "दसऱ्यानंतर स्टोअरला एक माणूस लागेल. नक्की नाही, पण बायोडाटा मेलवर पाठवा."

"मी परत फोन कधी करू?"

"पंधरा दिवसांनी."

"सकाळी का दुपारी?"

ती हसली बहुतेक. "सकाळी करा."

संध्याकाळी बायकोनं विचारलं तेव्हा खरं ते सांगितलं. जागा गेली. माझ्यामुळं गेली. मागं नातू रडत होता.

"मग येतासा न्हवं?" तिनं विचारलं.

"दसऱ्यापातूर बघतो."

"दसरा लांब हाय. गणेशचवतीपातूर बघा. मग मी येऊन कुलूप लावनार."

"बरं," म्हणालो. घासाघीस करायला अंगात जोर उरला नव्हता.

चवतीला आता चोवीस दिवस आहेत. आज आणखी दोन लॉजना फोन केले. एकानं उचलला नाही. दुसऱ्यानं सोमवारी करा म्हणून सांगितलं, कुणाला विचारायचं ते मात्र सांगितलं नाही. मेल मला पाठवता येत नाही. उद्या पहिल्या बसनं रामनगरला जाईन, कॉम्प्युटरच्या दुकानात बसून बायोडाटा करून घेईन. त्यात चौदा वर्षं लिहीन. नोकरी का सोडली, तिथं काय लिहायचं, ते अजून ठरत नाही.