हा हिस्सा कोणाचा?

माणसाच्या प्रत्येक दुःखावर फोनमध्ये कुठे तरी एक सेटिंग असते, ती फक्त सापडायला हवी, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. मी त्यांना जवाई म्हणतो, ते मला भाऊ म्हणतात. माझा जन्म चिमूरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारण्यात गेला. ते धानोऱ्याच्या अलीकडे, जंगलाला लागून असलेल्या एका लहानशा गावात राहतात, थोडी धानाची शेती करतात आणि गावच्या तलावाच्या मच्छीमार संस्थेचे सचिव आहेत. पण ही झाली कागदावरची ओळख. त्या गावात नेटवर्क फक्त तलावाच्या पाळीवरच्या एका मोहाच्या झाडाखाली येतं. जवाई तिथे इतके टेकून बसलेले असतात, की एखाद्या दिवशी ते नसले तर तो मोह मला कललेला वाटतो. जन्मापासून ज्या झाडाची फुलं वेचली, त्याच झाडापुढे एकदा त्यांनी फोनचा कॅमेरा धरला आणि दोन मिनिटांनी समाधानानं मला सांगितलं, "भाऊ, हा मोहच आहे. फोनबी तेच म्हणून राह्यला."

नवा फोन घरात आला की नवं फीचर आधी माणसांवर करून बघायचं, असा त्यांचा नेम. एका फोनमध्ये तळहात दाखवला की फोटो आपोआप निघायचा. त्यांनी तो फोन रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर उभा केला, दहा पावलं मागे गेले आणि हात वर केला. फोटो निघाला, पण मागून येणारी एसटीही थांबली. कंडक्टरनं दार उघडून धरलं. "चढा नं लवकर!" जवाई म्हणाले, "नाई, मी फोटो काढून राह्यलो." कंडक्टरनं आधी त्यांच्याकडे, मग दगडावरच्या फोनकडे बघितलं. "मंग फोटोले सांगा, पुढच्या गाडीनं येजो म्हणा," असं म्हणून त्यानं दार आपटलं. त्या फोटोत एक अख्खी एसटी, खिडक्यांतून वाकलेली वीसेक माणसं आणि हात वर केलेले जवाई असे सगळे स्पष्ट आले आहेत. तो त्यांनी मला तीन वेळा पाठवला.

फोनशी ते बोलतात तेव्हा त्यांची भाषा बदलते. आमच्याशी, गाईशी, संस्थेच्या माणसांशी झाडीपट्टीचं मोकळं बोलणारा हा माणूस फोन तोंडाजवळ नेला की एकदम सभ्य होतो. "कृपया मला सायंकाळी पाच वाजता खत आणण्याची आठवण करून दे." माझी बहीण शेवंता चुलीपाशी बसून हे ऐकत असे. एकदा मला म्हणाली, "पाह्य भाऊ, इतकी वर्सं झाली लग्नाले, माह्यासाठी एक बार बी कृपया नाई निंघालं यायच्या तोंडातून." जवाईंनी फोन तोंडापासून दूर धरला आणि म्हणाले, "तुले सांगा लागते काय? तुले तं सारं ठावूकच रायते."

त्यांनी घरातली कामं एका ॲपमध्ये घातली होती. त्यात तीन खाने होते: करायचं, करून राह्यलो, झालं. पावसाळ्याआधी छपरावरचे कवेलू फेरण्याचं काम पहिल्या खान्यात होतं. एक दिवस त्यांनी ते बोटानं सरकवून दुसऱ्या खान्यात नेलं आणि निम्मं घर शाकारल्याच्या आनंदात पाय पसरून बसले. पंधरा दिवस ते तिथेच राहिलं. शेवटी शेवंताच पदर खोचून वर चढली आणि कवेलू फेरून खाली आली, तर जवाई दारात हसत उभे. "झालं! तिसऱ्या खान्यात टाकलं!" ती केसांतली माती झटकत म्हणाली, "घरात दोनच माणसं हायेत. एक काम करते आन एक खाने बदलते." धानाच्या रोवण्याच्या वेळी त्यांनी पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती असं घड्याळ लावलं होतं. घंटी वाजली की ते चिखलातून निघून शेताच्या धुऱ्यावर जाऊन बसत. रोवणाऱ्या बायका हसून लोटपोट होत. "सचिवभाऊ, रोप तं हातातच हाय, कुठी चालले?" ते गंभीरपणे सांगत, "डोकं ताजं रायते यानं." रोवायला डोकं लागत नाही, हे त्यांना सांगायला कोणाला धीर झाला नाही.

शेवंताचं त्या गावात एक काम होतं, ते इथे सांगायला हवं. उन्हाळ्याच्या तोंडी तलावाचं पाणी उतरलं की संस्थेची माणसं मिळून मोठं जाळं ओढतात. मासळी पाळीवर पळसाच्या पानांवर सारख्या ढिगांनी मांडतात. यादीत जितकी नावं, तितके हिस्से. मग एक जण ढिगांकडे पाठ करून तलावाकडे तोंड करून उभा राहतो. दुसरा एका ढिगाला काठी टेकवून विचारतो, "हा कोणाचा?" पाठमोरा माणूस एक नाव घेतो, आणि तो हिस्सा त्याचा. काठी धरणाऱ्याच्या हाती नाव नसतं, नाव घेणाऱ्याला ढीग दिसत नाही, त्यामुळे रोहू मोठा आला की बारीक झिंगेच आले, कुणी कुणावर रुसत नाही. ही पाठ शेवंताची असे. गावाच्या पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत सगळी नावं तिला तोंडपाठ होती आणि एका चालीत ती घेई. स्वतःचं नाव ती सगळ्यात शेवटी घेत असे, म्हणजे जो ढीग उरेल तो तिचा.

मागच्या उन्हाळ्यात जाळं ओढून झाल्यावर काही दिवसांतच ती गेली. पोटातलं दुखणं होतं, कळलं तेव्हा उशीर झाला होता. कळल्यापासूनच्या तीन महिन्यांत जवाईंनी जे केलं त्याला हसण्याची माझी तरी हिंमत नाही. औषधांचं एक ॲप, पाण्याचं एक, झोपेचं एक. गोळीची वेळ झाली की फोन वाजे, ते गोळी देत आणि फोनवर हिरवी खूण करत. तिच्या तेराव्यानंतर त्यांनी मला ते सगळं दाखवलं. पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत ओळीनं हिरव्या खुणा होत्या. "एकबी चुकली नाई, भाऊ," ते म्हणाले. त्यांना त्या खुणांचा अर्थ माझ्याकडून हवा होता. मी इतकी वर्षं पुस्तकांत घालवली, पण मला तो सांगता आला नाही. सगळं बरोबर करूनही माणूस जातं, एवढंच मला त्यात दिसत होतं, आणि ते त्यांना आधीच दिसलेलं होतं.

जाण्यापूर्वी शेवंतानं आम्हा दोघांसमोर एक गोष्ट सांगून ठेवली होती. "माह्या नावाचा हिस्सा कौसल्याले द्या." कौसल्या शेजारची, नवऱ्याचं घर सुटून माहेरी परत आलेली. जाळं ओढायला ती मजुरीनं जायची, पण यादीत तिचं नाव नव्हतं आणि एक नाव गेल्याशिवाय दुसरं चढत नाही. शेवंताचं अंग पुसण्यापासून सगळं तिनंच केलं होतं. आता गावची रीत अशी, की गेलेल्या माणसाचं नाव त्याच्या घरच्यानंच सोडायचं. दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. आणि यादी होती जवाईंच्या फोनमध्ये. संस्थेचं रजिस्टर वाळवीनं खाल्ल्यापासून ती फक्त तिथेच होती.

वर्षभर ते नाव निघेना. संस्थेचे म्हातारे अध्यक्ष, ज्यांना सगळे आबाजी म्हणतात, ते यंदा जाळ्याच्या आधी मला फोन करून म्हणाले, "भाऊ, तुमी या नं एक बार. आमी नावाचं काढलं का थो फोनच पुढं करते. कधी म्हणते अपडेट येऊन राह्यलं, कधी म्हणते जागा भरली. थे कौसल्या तोंडानं काई म्हणत नाई, पर तिलेबी पोट हाय. अन् शब्द शेवंताचा हाय."

मी आदल्या दिवशी गेलो. नाव सोडा, एवढंच सांगायचं होतं. जवाईंनी मला मोहाखाली बसवलं आणि फोन काढला. नव्या ॲपमध्ये यादी टाकली की ते ती आपोआप उलटसुलट करून बाईच्या आवाजात वाचून दाखवत असे. "आता कोणाले पाठ फिरवाचं कामच नाई, भाऊ. फोनले डोयेच नाई, तं पक्षपात कुठचा?" त्यांचा चेहरा वर्षभरात पहिल्यांदा उजळलेला दिसला. मी पाण्याकडे बघत बसलो. तिच्या जागी कुणी उभं राहू नये म्हणून या माणसानं ती जागाच काढून टाकली होती. आणि खरं सांगायचं तर मलाही तिथे कुणी उभं राहिलेलं नको होतं. मी म्हणालो, "छान आहे." इतकंच म्हणालो आणि माझं काम न करता घरी येऊन जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाळं ओढून झालं. पानांवर ढीग लागले. जवाईंनी एक टोपली पालथी घालून तिच्यावर फोन ठेवला. आबाजींनी पहिल्या ढिगाला काठी टेकवली आणि जरा ओशाळून फोनला विचारलं, "हा कोणाचा?" जवाईंनी बोट लावलं. फोननं एक नाव घेतलं, बातम्या सांगतात तसं स्वच्छ आणि कोरडं. लोक हसले. "कोण हाय बा हे बाई? नागपूरची काय?" "नागपूरची नाई, मोठ्या शाळेतली दिसते!" असं दहा-बारा नावं चाललं. जवाई प्रत्येक नावानंतर आमच्याकडे वळून बघत, जणू ती बाई त्यांनीच शिकवून तयार केली होती.

मग काठी पुढच्या ढिगावर आली आणि फोन म्हणाला, "शेवंता."

ढिगातला एक मासा अजून जिवंत होता, त्याची शेपटी पानावर आपटत होती, तेवढाच आवाज. कौसल्या ओल्या लुगड्यानं जाळ्याचं टोक धरून उभी होती. तिनं मान खाली घातली. जवाई म्हणाले, "अपडेट नाई झालं वाटते." कुणी हसलं नाही. आबाजींनी काठी उचलली नाही. नाव मिळाल्याशिवाय ती उचलायची नसते. ते हळूच म्हणाले, "सचिव, हा कोणाचा?"

जवाईंनी फोन उचलला. मी त्यांच्या मागेच होतो, मला दिसत होतं. ते नावापर्यंत गेले, त्यावर बोट दाबून धरलं, आणि फोननं विचारलं, हे नाव कायमचं काढायचं का? खाली होय आणि नाही. त्यांचं बोट वरच थांबलं. थोड्या वेळानं फोन आपोआप काळा झाला. त्यांनी तो पुन्हा उजळवला. पुन्हा तोच प्रश्न. असं दोनदा झालं. मग त्यांनी फोन तसाच माझ्या हातात दिला, ढिगांकडे पाठ केली आणि तलावाकडे तोंड करून उभे राहिले.

"इचारा, आबाजी."

"हा कोणाचा?"

"कौसल्याचा," ते म्हणाले.

आबाजींनी काठी पुढे नेली. "हा कोणाचा?" आणि जवाईंनी पुढचं नाव घेतलं. मग त्यापुढचं. पहिल्या घरापासून, शेवंता घ्यायची त्याच क्रमानं, ज्यांना मिळाले होते त्यांना वगळून, आणि तिच्याच चालीत. स्वतःच्या चपला कुठे काढल्या हे फोनला विचारणाऱ्या या माणसाला गावभरची नावं पाठ होती, हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. शेवटच्या ढिगाला नाव मिळालं, तो उचलला गेला, पानं रिकामी झाली.

जवाई मात्र पाठ करूनच उभे राहिले. तिच्या क्रमात अजून एक, सगळ्यात शेवटचं नाव बाकी होतं. ते विचारण्याची वाट बघत होते. आबाजींनी काठी जमिनीवर ठेवली.

मी जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावला. ते वळले, माझ्या हातातला फोन त्यांनी बघितला. "काई दाबलं तं नाई नं, भाऊ?"

"नाही. मला कुठे येतं त्यातलं."

त्यांनी फोन दुपट्ट्यानं पुसला आणि खिशात ठेवला. आम्ही पाळीवरून घराकडे निघालो. आमच्या पुढे कौसल्या टोपली कडेवर घेऊन चालली होती, भराभर, कुणीतरी परत मागेल या भीतीनं चालावं तशी. मोहाखालून जाताना जवाईंच्या खिशातला फोन चार-पाचदा थरथरला. ते थांबले नाहीत. मला त्या शांततेची इतकी भीती वाटली, की जे मी आजवर कधीच केलं नव्हतं ते केलं. "जवाई, परवा फोनवर तुम्ही ते नवीन काय आलंय म्हणत होता?"

"हो," ते म्हणाले. "घरी गेल्यावर दाखवतो, भाऊ."

घरी गेल्यावर त्यांनी काही दाखवलं नाही. मीही त्यांना आठवण करून दिली नाही.