पटासाठी दारोदार

बारावीचा निकाल लागला की आम्हा तासिकेवरच्या प्राध्यापकांच्या पायाला भिंगरी लागते. पहिल्या वर्षाला मुलं भरली नाहीत तर विषय बंद होतो आणि विषय बंद झाला की आमच्या तासिका जातात. म्हणून गावोगाव हिंडायचं, चहा प्यायचा, आईबापांना पटवायचं आणि प्रवेशाचे अर्ज भरून आणायचे. नेमणुकीच्या आदेशात हे काम लिहिलेलं नसतं, पण शिकवण्याआधी तेच करावं लागतं.

त्या वर्षी राज्यशास्त्राला आठ-दहा नावं कमी पडत होती. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मी याच विषयात पुण्याच्या एका खासगी विद्यापीठातून एम.ए. केलं, ते बँकेचं शैक्षणिक कर्ज काढून. हप्ता मानधनापेक्षा मोठा आहे. शिवाय हप्ता दर महिन्याला येतो आणि मानधन कॉलेजच्या मर्जीने, कधी दिवाळीला तर कधी थेट उन्हाळ्यात. तोवर खिंड वडील लढवतात. ते नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीत कारकून आहेत. घरी पाहुणा आला की पाणी देण्याआधी ते सांगतात, आमची पोरगी घटना शिकवते. मला ते ऐकवत नाही आणि त्यांना गप्पही करवत नाही.

एका दुपारी इतिहासाच्या सरांच्या मोटारसायकलवर मागे बसून कुंभार पिंपळगावला गेले. सरही तासिकेवरचेच. भाजीवाले घेतात तशा आम्ही गल्ल्या वाटून घेतल्या. मी गेले त्या घरातल्या मुलीला बारावीला राज्यशास्त्रात वर्गात सगळ्यांत जास्त गुण होते आणि पुढेही तिला तोच विषय घ्यायचा होता. फक्त आमच्याकडे नाही. तिला पुण्यात, मी शिकले तसल्याच एका विद्यापीठात, कर्ज काढून जायचं होतं. वडील वारलेले, आई अंगणवाडीत मदतनीस.

माझी चांगलीच पंचाईत झाली. कर्ज काढून जाऊ नकोस, इथंच शिक, असं मला तिला अगदी मनापासून सांगायचं होतं. पण पट भरायला आलेली बाई दुसरं काय सांगणार? माझा सल्ला आणि माझा फायदा एकच निघाल्यामुळे माझा माझ्यावरच विश्वास बसेना. मग मी ग्रंथालय, शिष्यवृत्ती, एसटीचा पास असं काहीबाही बडबडत सुटले. मुलगी शांतपणे ऐकत होती. मधेच तिने विचारलं, तुम्ही कुठं शिकलात मॅडम? पुण्याला, असं सांगावं लागलं.

“मंग?” ती म्हणाली.

मला तिचा राग आला. बरोबर बोलणाऱ्याचा येतो तसा.

आईचा चेहरा मात्र उजळला. पुण्याला शिकलेली बाई प्राध्यापक होऊन आपल्या घरात बसलीय, म्हणजे पोरीचं खरंच आहे, असा तिने हिशोब लावला. बँकेने जामीन मागितला होता आणि ओळखीत कुणी पगारदार नव्हतं. तिने चहाचा कप माझ्यापुढे सरकवला.

“पोरगी ऐकून न्हाई राह्यली म्याडम. जामीन म्हणून तुमची सही बँकेत बराबर चालंल.”

नाही चालणार, मी म्हणाले. तिला वाटलं मी अंग काढून घेतेय. ती लगेच म्हणाली, राहू द्या, परक्यासाठी कोण कशाला सही देईल. त्या समजूतदारपणाने मी जास्तच अस्वस्थ झाले. बँक पगारपत्रक मागते, मी सांगितलं, आणि माझ्याकडे ते नाही. मला पगार नाही, मानधन आहे.

ती माझ्याकडे बघतच राहिली. “मानधन तर मला हाय.”

“मलाही तेच आहे.”

मग मी काही हातचं राखलं नाही. हप्ता, उशिरा येणारं मानधन, अजून माझ्यासाठी राबणारे वडील, सगळं सांगून टाकलं. मुलीने विचारलं, पस्तावा होतो का? विषयाचा नाही, मी म्हणाले. वर्गात घटना शिकवताना मला कशाचीच आठवण येत नाही. तास संपला की सगळं येतं.

मुलगी उठून आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली ती गुणपत्रक घेऊन. ते माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, भरा अर्ज. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. डोळे लाल होते. मी अर्ज भरला आणि आईने सही केली. एक नाव मिळालं होतं, आणि मला तिथून पळत सुटावंसं वाटत होतं.

सर गाडीपाशी उभे होते. त्यांच्या गल्लीत एकही अर्ज भरला नव्हता. माझ्या हातात कागद पाहून त्यांनी कसं जमवलं ते विचारलं आणि मी सगळं सांगितलं. माणूस वाईट नाही. त्यांच्याही घरी दोन लेकरं आहेत.

“हे भारी आहे मॅडम. पुढच्या घरी असंच सांगा.”

त्यांची कॉलर धरावी असं वाटलं. पण गाडीवर मागे बसले.

पुढच्या घरी एक मुलगी आणि तिची आई होती. मी चहा घेतला आणि हप्त्याचं सांगितलं, मानधनाचं सांगितलं, वडिलांचं सांगितलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. बोलताना नेमकं कुठं थांबायचं, ते मला आता कळत होतं.