बाप ठेव आणि गाडी ने

“कागद राहू दे गं. कागद घेऊन मी काय करू? तुमचे लोक एकदा बॉर्डर ओलांडून गेले की कोणाला सापडत नाहीत. तू असं कर, बाप ठेव आणि गाडी ने. बाप ठेवून कोण पळतंय?”

एवढं बोलून सेक्रेटरी काका हसले. बाकावर बसलेले दोघं-तिघं हसले. माझा बा हसला. आणि मीसुद्धा हसले. बाकीच्यांचं सोडा, माझं ते हसणं मला अजून पचलेलं नाही.

रविवार होता. सकाळचे दहा वाजलेले. भाईंदर पूर्वेला, नवघरच्या एका सोसायटीच्या कंपाउंडमध्ये काकांची चंदेरी गाडी विकायला उभी होती. नऊ वर्षं जुनी, एकहाती वापरलेली, आतून चकाचक. मी ती घ्यायला आले होते. फुकट मागायला नाही, विकत घ्यायला. चालवून बघायची म्हणून मी लायसन्स काढून दिलं, आधार कार्ड दिलं, मोबाइलही पुढे केला. काकांनी त्यातलं काहीच घेतलं नाही. त्यांना बा हवा होता.

आणि गंमत म्हणजे आमची पाळी येण्याआधी एक गिऱ्हाईक येऊन गेलं होतं. मी आणि बा गेटच्या आत उभे राहून बघत होतो. इस्त्रीचा शर्ट, कानाला ते ब्लूटूथ. काकांनी सरळ त्याच्या हातात चावी ठेवली. म्हणाले, “आरामात फिरवा साहेब, हायवेला घेऊन बघा.” ना नाव विचारलं, ना लायसन्स बघितलं. तो काशीमीऱ्यापर्यंत जाऊन आला, गाडीला नाकं मुरडली आणि गेला.

मग काका बाला म्हणाले, “बहादूर, तू इधर ही रुक.”

माझ्याशी मराठी, बाशी हिंदी. बाला मराठी चांगलं कळतं, काकांना ते ठाऊक आहे. पण वॉचमनशी हिंदीतच बोलायचं अशी इथली रीत.

होय, माझा बा या सोसायटीचा वॉचमन होता. बावीस वर्षं. आम्ही नेपाळचे, अछाम जिल्ह्याचे. बाचं नाव कर्णबीर. पण बिल्डिंगमध्ये तो बहादूर. त्याच्या आधीचा वॉचमनही बहादूर, समोरच्या बिल्डिंगचाही बहादूर. एक गेला, दुसरा आला, नाव तेच. पंपाच्या खोलीला लागून आमची खोली. मोटर सुरू झाली की भिंत थरथरायची, मी वही मांडीवर घेऊन बसायची. समोरच मराठी शाळा, फी नाही, म्हणून मला तिथे घातलं. मराठीत मी पहिली यायची. सोसायटीच्या गणपतीला झांजा वाजवायला मी सगळ्यात पुढे. जेवणाची पंगत बसली की मात्र कोणीतरी म्हणायचं, “तुमचं मागून वाढू हं.” मागून म्हणजे भांडी घासून झाल्यावर. घासायला माझी आईच असायची.

माझा जन्म भाईंदरचा. पण आई-बाप दोघं नेपाळी, म्हणून कायद्याने मीही नेपाळी. अठरा वर्षांची झाले तेव्हा बा मला गावी घेऊन गेला, नागरिकतेचा कागद काढून आणला. तोवर ते गाव मी दोनदाच बघितलं होतं. दोन वर्षांपूर्वी सोसायटीने कॅमेरे लावले, एजन्सीचे गार्ड ठेवले आणि बाला शाल-श्रीफळ देऊन वाटेला लावलं. आता तो काशीमीऱ्याला एका गोदामावर असतो. आम्ही नवघर गावातच भाड्याच्या खोलीत राहतो.

मी नवऱ्या सजवते. मेकअप, केस, मेंदी, साडी नेसवणं, सगळं. उत्तन, डोंगरी, चौक, त्या पट्ट्यात माझं चांगलं नाव आहे. ख्रिश्चन नवरीची पांढरी जाळी लावायची असो की कोळणीच्या अंबाड्यात वेणी माळायची असो, मलाच बोलावतात. आता दोन पेट्या, उंच खुर्ची, दिव्यांचा स्टँड, एवढं सामान घेऊन बसमध्ये कोण चढू देतं? रिक्षावाला पेट्या बघूनच हात हलवतो. एकदा डोंगरीला पाऊण तास उशीर झाला. नवरी ओल्या केसांनी बसलेली, तिच्या आईने मला दारातच धरलं. “बाय, आज लगीन हाय, शाळा न्हाय, उशिरा यायला.” मी मान खाली घालून कामाला लागले. तिचं चुकलं नव्हतं. त्याच दिवशी ठरवलं, गाडी घ्यायची. ड्रायव्हिंग आधीच शिकले होते. लग्नसराई तोंडावर आली होती. गाडी नसती तर तीन नवऱ्या हातच्या जाणार होत्या, आणि या धंद्यात एक नवरी गेली की तिच्या मावश्या-आत्यासुद्धा जातात.

काकांची गाडी विकायची आहे हे बानेच सांगितलं. “घरची माणसं आहेत, फसवणार नाहीत,” म्हणाला.

तर त्या दिवशी मी चावी घेतली आणि निघाले. बा मागे राहिला. दुसऱ्यांनी वापरलेल्या गाडीत काय काय बघायचं ते मी आठवडाभर पाठ केलं होतं. क्लच कसा आहे, खड्ड्यात आवाज येतो का, ब्रेक एका बाजूला ओढतात का. नवघर रोडला लागले आणि लक्षात आलं, मी काहीच बघत नाहीये. मी फक्त घाई करतेय. एसी लावून बघितला नाही, रिव्हर्स टाकून बघितला नाही. डोक्यात एकच. बा तिथे उभा आहे, लवकर परत जा, नाहीतर त्यांना वाटेल पळाली. गाडी बघायला गेले होते आणि घड्याळ बघत होते. काशीमीऱ्यापर्यंत जायचं होतं, अर्ध्यातून वळले.

सोसायटीच्या वळणावर हॉर्न दिला.

एजन्सीचा गार्ड चहाला गेला होता. काकांनी बाला म्हटलं असणार, उभाच आहेस तर गेट बघ. गेटच्या आतून बा पळत आला. त्याचा गुडघा दुखतो, तरी पळत आला. गेट ढकललं, बाजूला झाला, टाचा जुळवल्या आणि गाडीला सलाम ठोकला.

मला. माझ्या बाने. सलाम.

काचेवर ऊन होतं, आत कोण आहे ते त्याला दिसलं नसावं. दिसली ती गाडी. बावीस वर्षं गेटावर गाडी दिसली की हात वर गेला, तसाच याही वेळी गेला. मग त्याला मी दिसले. हात कपाळापाशी तसाच राहिला. खाली घ्यावा की ठेवावा हे त्याला कळेना.

बाकावर खसखस पिकली. काका तर पोट धरून हसत होते. “क्या बहादूर, बेटी को भी सलाम?”

बा पण हसला. आणि तो हात त्याने खिशात घातला.

खरं सांगते, पहिला राग मला बाचा आला. का केलास? का हसतोस? डोक्यात अशी तिडीक गेली की वाटलं, खाली उतरून त्यालाच गदागदा हलवावं. मग त्याचा खिशातला हात बघितला. कापडाच्या आत मूठ आवळलेली होती. राग होता तिथेच राहिला, फक्त माणूस बदलला.

गाडी मी गेटातच बंद केली. अर्धी आत, अर्धी बाहेर. उतरले.

“अगं आत घे ना, रस्ता अडतोय,” काका म्हणाले.

मी चावी त्यांच्या समोर बाकावर ठेवली. “गाडी नको मला.”

“का? काय झालं? आवाज येतोय का? बोलू ना आपण, थोडं खाली-वर करू.”

“काका, मघाशी तो माणूस गाडी घेऊन गेला, त्याचा बाप तुम्ही कुठे उभा केला होता?”

काकांना आधी समजलंच नाही. मग समजलं. तोंड एवढंसं झालं. म्हणाले, “तू पण ना, चेष्टा कळत नाही तुला. घरची मुलगी म्हणून बोललो.”

“घरच्यांना तुम्ही तारण ठेवता?”

आता त्यांचा आवाज चढला. बाकावरची माणसं बघत होती ना. “हे बघ, बाहेरच्या देशातून येऊन इथे आवाज करायचा नाही. सांभाळून घेतलं तुम्हाला इतकी वर्षं.”

माझ्या तोंडावर आलं होतं, मी बाहेरून नाही आले, मी इथलीच, माझा जन्म भाईंदरचा, माझी शाळा ही समोरची. जन्मभर हेच बोलत आले होते. धंद्याच्या कार्डावर मी ‘दार्जिलिंगची’ असं छापून घेतलं होतं, म्हणजे कोणी नेपाळी म्हणून नाक मुरडू नये. त्या दिवशी मी ते बोलले नाही. का म्हणून बोलायचं? इथे जन्म झाला नसता तर बाला तारण ठेवणं बरोबर ठरलं असतं का?

मी म्हटलं, “हो, परदेशीच आहे मी. मग? परदेशी माणसाचा बाप म्हणजे काय सायकल आहे, स्टँडला लावून जायला?”

कोणी हसलं नाही. मी बाचा दंड धरला आणि निघाले. गाडी गेटातच होती, तिला वळसा घालून बाहेर पडलो.

तुम्हाला वाटेल, बाने माझ्या पाठीवर हात ठेवला असेल. कसलं काय. रस्त्यात तो माझ्यावर उखडला. इतका चिडलेला मी त्याला कधी बघितलं नव्हतं. म्हणाला, बावीस वर्षं त्यांचं मीठ खाल्लं, तू एका मिनिटात मातीत घातलंस. मी म्हटलं, मीठ खाल्लं नाहीस बा, बावीस वर्षं राबलास. तो म्हणाला, तुझ्या शाळेच्या फॉर्मवर सही त्यांनीच केली होती. मी म्हटलं, केली असेल, त्यात तुला विकत नव्हतं घेतलं. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. आईने मध्ये बसून जेवायला वाढलं. तिने एवढंच म्हटलं, “सलाम का ठोकला, ते तरी विचारलंस का त्याला?” मी विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

मग मी काशीमीऱ्याला गेले. हायवेला लागून जुन्या गाड्यांची ओळच आहे तिथे. एक पांढरी गाडी पसंत पडली. या वेळी एसी बघितला, रिव्हर्स बघितला, खाली वाकून सायलेन्सर पण बघितला. कागदांचं काम करणारा एजंट होता. त्याने माझी नागरिकता हातात घेतली. नेपाळी आणि मराठीची लिपी एकच. त्याने अख्खा कागद मोठ्याने वाचला. माझं नाव, बाचं नाव, गाव, जिल्हा, सगळं घडाघडा. आणि म्हणाला, “मॅडम, हे कोणालाच वाचता येणार नाही. कशाला डोक्याला ताप? कोणा लोकलच्या नावावर घ्या. मैत्रीण असेल, शेजारी असेल.”

घरी सांगितलं तर बाचं पहिलं वाक्य काय असावं? “काकांचे पाय धर, त्यांच्या नावावर होईल.” मी उठून बाहेर गेले. थांबले असते तर फार बोलले असते.

एजंटला सांगितलं, गाडी माझ्याच नावावर होणार. भाषांतर करून देते, शिक्का मारून देते, भाडेकरार देते, जे मागाल ते देते. दुसऱ्याचं नाव देणार नाही. पाच फेऱ्या झाल्या. दोन नवऱ्यांकडे तोवर मी भाड्याची गाडी करून गेले, त्यात काही उरलं नाही. सहाव्या फेरीला कागद हातात आला. गाडी माझी, नाव माझं, आणि सोबत जोडलेल्या कागदांवर ठळक अक्षरात देश नेपाळ. तेवढ्यावर थांबले नाही. ‘दार्जिलिंगची’ असं लिहिलेली कार्डं होती, ती सगळी बंबात घातली. त्यानंतर डोंगरीच्या एका घरी साखरपुड्याला गेले. नवरीच्या आजीने विचारलं, बाय, तू खयची? मी सांगितलं, नेपाळची. म्हातारी म्हणाली, लांब हाय गो, आणि पुढ्यात चहा ठेवला. सगळीकडे असा चहा मिळतो असं नाही. एका घरून फोन आला, दुसरी बघितलीय म्हणून. बघू देत.

गेल्या आठवड्यात खोलीचा करार संपला. घरमालक दारात आला. म्हणाला, या वेळी एक भारतीय जामीन हवा, तुम्ही लोक बाहेरचे. नाहीतर असं करा, तुमच्या वडिलांना पाठवा माझ्याकडे. ते नम्र आहेत, त्यांच्याशी बोलून काहीतरी जमवू.

बा आत चहा पीत होता. त्याने सगळं ऐकलं. कप खाली ठेवला, टोपी घातली, चपला शोधायला लागला. घरमालकाकडे बघून हसलाही. तेच हसणं.

मी दारात उभी राहिले. वाट अडवली.

“बा, बस.”

त्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, त्याला राग आला होता. पण तो खाली बसला. टोपी मात्र काढली नाही.

घरमालकाला मी सांगितलं, करार माझ्या नावाने आहे, बोलायचं ते माझ्याशी बोला. दोन वर्षांत भाडं एकदाही चुकलेलं नाही. भाडेकरू म्हणून पोलिसांत नोंद आहे, कागद आहेत, सही मी करते. विश्वास ठेवायचा तर यावर ठेवा. नाही ठेवायचा तर सांगा, आम्ही दुसरी खोली बघू.

तो म्हणाला, विचार करून सांगतो. अजून काही सांगितलेलं नाही. कदाचित खोली जाईल. सामान थोडंच आहे, गाडीच्या दोन फेऱ्यांत होईल. आणि पुढच्या घरमालकानेही हेच मागितलं तर त्यालाही हेच उत्तर. कागद पाहिजे तेवढे घ्या. माणूस मिळणार नाही.