खूण एकाचीच

फाउंड्रीत त्याला सगळे वरचा म्हणत. छताखालच्या क्रेनच्या केबिनमध्ये त्याची अख्खी नोकरी गेली, म्हणून वरचा. नवा कामगार भरती झाला की जुने त्याला दम द्यायचे, "नीट वाग बाबा, वरचा बघतोय." मी खालचा. लोखंडाचा रस भरलेली बादली हुकाला अडकवायची आणि हाताने खुणा करून त्याला सांगायचं: उचल, सरक, हळू, सोड. भट्टीच्या आवाजात तोंड उघडून उपयोग नसतो. त्यामुळे आमचं बोलणं सगळं हातांनीच झालं.

क्रेनचा कायदा साधा आहे. खूण एकाच माणसाची घ्यायची. दोघं हात हलवायला लागले तर क्रेनवाल्याने काहीच करायचं नाही. थांबायची खूण मात्र कोणाचीही चालते, झाडूवाल्याचीसुद्धा. वरच्याने हा कायदा जन्मभर पाळला. त्याच्या बादलीतून कोणाच्या अंगावर थेंब उडाला नाही. कामचुकार माणूस मला खपत नाही, आणि वरच्याबरोबर मी निवृत्त होईपर्यंत काम केलं. यापेक्षा जास्त मी कोणाचं कौतुक करत नाही.

घरीही तो तसाच. वहिनी म्हणायच्या, "ह्यांना जेवायला हाक मारून चालत नाही. दारात उभं राहून हात हलवावा लागतो, मग ह्यांचा हूक खाली येतो." खाली बघून बघून त्याची मान कायमची पुढे झुकली होती.

त्याची धाकटी मुलगी म्हणजे छोटी. ही छोटी शाळेत असतानाच बापाच्या डोक्यावरून बघायला लागली. स्वयंपाकघराच्या चौकटीला कपाळ आपटायची, म्हणून वहिनींनी चौकटीला जुन्या चादरीची गुंडाळी बांधून ठेवली होती. शाळेत ती बास्केटबॉल खेळायची. घरामागच्या भिंतीवर मी तिला सळईची रिंग वेल्ड करून दिली. संध्याकाळभर चेंडूचा आवाज. छातीपासून दोन्ही हातांनी ती चेंडू ढकलायची. दिसायला ओबडधोबड, पण जायचा आत. तेव्हा तिला आजूबाजूचं काही दिसत नसे. वहिनी दारातून हात हलवून दमायच्या आणि म्हणायच्या, "ही तर ह्यांच्याही वरची निघाली. हिला हातही दिसत नाही."

शाळेतल्या खेळाच्या बाई एकदा घरी आल्या. म्हणाल्या, क्रीडा वसतिगृहाची निवड चाचणी काही महिन्यांवर आलीय. तिथे घेतलं तर राहणं, शिकणं, खेळणं सगळं तिथेच. पुढच्या वर्षी ही वयात बसणार नाही. "माझ्या गळ्यात अख्खी शाळा आहे. हिच्या एकटीकडे बघेल असं कोणीतरी शोधा."

छोटी भिंतीला टेकून उभी होती. बाई गेल्यावर म्हणाली, "बाबा, मला तिथे जायचंय." तिने बापाकडे काही मागितल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. त्यानेही नसावं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं माणूस शोधायला निघालो. दोघांनाही त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं.

पहिल्यांदा व्यायामशाळेतल्या एका दंडवाल्याकडे गेलो. आरशात बघत बघतच तो आमच्याशी बोलला. "मुलीची उंची वाढवायचीय का?"

वरचा म्हणाला, "उंची आहे. कमी करायची असेल तेव्हा येतो."

मग मैदानावरचा एक जुना खेळाडू कळला. एका गुडघ्याने अधू, वय आमच्यापेक्षा थोडं कमी. छोटीला घेऊन गेलो. तो बाकावर बसला, हात खिशात. म्हणाला, "खेळ." ती खेळत राहिली, तो बघत राहिला. बराच वेळ गेल्यावर विचारलं, "हा का चुकला?" छोटी विचार करून म्हणाली, "पाय आधी उचलला." तो म्हणाला, "बरं." परत गप्प. परत ती खेळली, परत त्याने एक प्रश्न विचारला. झालं.

वरच्याने त्याला विचारलं, "तुम्ही शिकवायला कधी सुरुवात करणार?"

"केली की."

परत येताना छोटी म्हणाली, "मला हे आवडले, बाबा."

"अगं, त्यांचे हात खिशातून बाहेर आले नाहीत," वरचा म्हणाला. "माणूस कामाला लागलाय हे दिसायला नको? आवडणं वेगळं आणि शिकणं वेगळं." मग माझ्याकडे वळून, "काय रे?"

मी म्हटलं, "मला यातलं कळत नाही." खरंच कळत नव्हतं.

तिसरा भेटला तो शिट्टीवाला. तरुण, काटक, गळ्यात शिट्टी, पहाटे सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर. एका मुलाला शिकवत होता. रेषेबाहेर उभा राहून हात असे करायचा की मैदानाच्या दुसऱ्या टोकालाही कळावं. कोपर वर. गुडघा वाक. आता फेक. मुलगा त्याच्या हाताकडे बघायचा आणि तसं करायचा. वरचा जाळीला धरून उभा होता. त्याचा चेहरा मला ओळखीचा होता. पाळी सुरू होताना केबिनमधून तो खाली माझ्याकडे असाच बघायचा.

"बघ," तो म्हणाला, "ह्याच्या खुणा किती स्वच्छ आहेत."

तिथेच ठरलं. घासाघीस केली नाही.

शिट्टीवाल्याच्या कष्टात मला खोट काढता येणार नाही. पाऊस असो, थंडी असो, हा हजर. छोटीइतकाच घामाने निथळायचा. त्याने पहिल्यांदा तिचा चेंडू फेकायचा हात बदलला. दोन हातांनी छातीपासून नाही, एका हाताने कपाळावरून. "मोठ्या खेळात तुझं ते ढकलणं चालायचं नाही." ते बरोबरच असेल. प्रत्येक फेकीआधी तो रेषेबाहेरून हात करायचा, मग ती फेकायची. हळूहळू चेंडू हातात आला की छोटीची मान आपोआप त्याच्याकडे वळायला लागली.

वरचा रोज बघायला जायचा. एकदा मला कोपराने ढोसून म्हणाला, "पाहिलंस? खुणेशिवाय हात हलवत नाही पोरगी. रक्तात आहे."

घरामागे मात्र आता चेंडूचा आवाज येईनासा झाला. वहिनींनी विचारलं तर छोटी म्हणाली, "एकटीने खेळून काय करू? बरोबर की चूक ते कोण सांगणार?"

मग बाई परत आल्या. या वेळी बसल्या नाहीत. "हे थांबवा," म्हणाल्या. "चाचणी तोंडावर आलीय. नवा हात बसायला वर्ष लागतं. आता तिला तिच्या जुन्या हाताने खेळू द्या, बाकीचं नंतर. शाळेत मी सांगते जुना, मैदानावर तो सांगतो नवा. पोरगी मधल्या मध्ये लटकलीय."

"म्हणूनच, बाई," वरचा शांतपणे म्हणाला. "खूण एकाचीच पाहिजे. तुम्ही सांगायचं बंद करा."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या गेल्यावर मी म्हटलं, "वरच्या, थांबायची खूण कोणाचीही चालते."

"ती क्रेन आहे," तो म्हणाला. "ही माझी पोरगी आहे."

वहिनी आतून म्हणाल्या, "मग तिला विचारा की."

त्याने विचारलं. छोटीने आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत त्याच्याकडे. "तुम्ही सांगाल तसं, बाबा."

चाचणी एका मोठ्या बंदिस्त कोर्टात होती. दारातच सांगितलं, खाली फक्त मुली. पालक आणि शिकवणारे वर, सज्जात. वरचा, मी आणि शिट्टीवाला कठड्याजवळ बसलो. तेवढ्या उंचीवरून वरच्याला जग बघायची सवय होती. पण त्याच्या हाताशी क्रेन चालवायचा दांडा नव्हता, आणि खाली मी नव्हतो.

सुरुवात बरी झाली. पळण्यात, उडीत छोटी कोणाला ऐकत नव्हती. मग मुलींना दोन गटांत खेळायला लावलं. पहिला पास तिच्याकडे आला. रिंग समोर होती, मध्ये कोणी नव्हतं. छोटीने चेंडू कपाळापर्यंत नेला आणि रेषेबाहेर बघितलं. तिथे कोणी नव्हतं. तिने मान वर केली आणि आम्हाला शोधायला लागली. शिट्टीवाल्याचा हात उठला. खालून एक परीक्षक ओरडल्या, "वरून हात करायचे नाहीत! पुन्हा दिसलं तर बाहेर जावं लागेल." त्याने हात मांडीखाली दाबून धरले. तेवढ्यात एका बुटक्या मुलीने छोटीच्या हातातून चेंडू काढून नेला.

पुढच्या पासाला तेच. तिसऱ्यांदा चेंडू आला तेव्हा तिने तो कपाळावर नेला, मग छातीशी आणला, मग परत वर. आणि मान वळवून आमच्याकडे बघितलं. इतक्या वरूनही तिचे डोळे मला दिसले. साखळीला अडकलेलं वजन हवेत थांबून डोलतं, तशी ती डोलत होती.

"खूण दे ना," वरचा माझ्या कानाशी म्हणाला.

"कसली?"

मला जेवढ्या खुणा येत होत्या त्या सगळ्या त्यालाही येत होत्या. उचल, सरक, हळू, सोड. त्यातली एकही तिच्या कामाची नव्हती.

नंतर तिला पास देणंच मुलींनी बंद केलं.

निवडलेल्या मुलींना संध्याकाळी एका बाजूला उभं केलं. छोटी दुसऱ्या बाजूला, सगळ्यांत उंच, म्हणून लगेच दिसत होती. शिट्टीवाला आमच्यापाशी येऊन म्हणाला, "अजून वेळ मिळाला असता तर हात बसला असता, काका. मी कमी पडलो." वरच्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याला बोल लावणार तरी कशाचा? सांगितलेलं काम त्याने जीव ओतून केलं होतं.

छोटी, वरचा आणि मी बाहेर पडलो. बसथांबा रस्त्याच्या पलीकडे होता. रस्ता रुंद आणि रिकामा. दोन्ही बाजूंना लांबवर काही येत नव्हतं. छोटी पुढे चालत होती. कडेला जाऊन थांबली, आणि मागे वळून बापाकडे बघायला लागली.

वरच्याचा हात सवयीने अर्धा वर आला. तिथेच थांबला. मग त्याने स्वतःच्या हाताकडे बघितलं, मुलीकडे बघितलं, आणि दोन्ही हात खिशात घातले.

"बाबा, जाऊ?" छोटीने विचारलं.

त्याचे हात खिशातच राहिले. तिने माझ्याकडे बघितलं. मी पाऊल उचललं असतं तर ती माझ्यामागे आली असती. तीही खूणच झाली असती. मी जागचा हललो नाही.

समोरच्या थांब्यावर आमची बस आली. दार उघडं ठेवून थोडी थांबली आणि गेली. आम्ही तिघं अलीकडेच उभे होतो.